कोचीला गेलात तर सायकल घ्या



सुट्टीत बंदराचं शहर पाहायचं असेल तर गाडी हॉटेलवर ठेवावी आणि सायकल घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. विशेषतः आपण बायकांनी. गेल्या डिसेंबरात आम्ही कोचीला गेलो होतो. तिथे तीन दिवस सायकलवर फिरल्यावर हे मत आणखी पक्कं झालं.

आपल्या सहली कशा होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. सोबत आचारी, बसमध्ये डबे, सकाळी मंदिर, दुपारी जेवण आणि मधल्या वेळात काचेतून दिसेल तेवढं गाव. कुठे थांबायचं ते टूरवाले ठरवतात, नाहीतर घरातले पुरुष. आपण उतरतो, फोटो काढतो, परत चढतो. शाळा-कॉलेजला सायकलने जाणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणींची सायकल लग्नानंतर सुटली, ती सुटलीच. पाय मात्र ती विसरत नाहीत.

कोची सायकलसाठी सोयीचं आहे. फोर्ट कोची आणि मट्टांचेरी हा जुना भाग सपाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम तीन-चार किलोमीटर. भाड्याने सायकली मिळतात. इतिहासकार मानतात की १३४१ च्या मोठ्या पुराने मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने भरलं आणि कोचीला समुद्राकडे वाट मिळाली. पुढे रॉबर्ट ब्रिस्टो हा अभियंता १९२० साली आला. त्याच्या देखरेखीखाली बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध काढला गेला आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभं राहिलं. हे पुस्तकात वाचता येतं. पण अरुंद बाजार रस्त्यावर एका बाजूला वखारी आणि त्यांच्या मागे लगेच पाणी हे सायकलवरूनच नीट समजतं. तिथे गाडी थांबवायला जागाच नसते.

त्या रस्त्यावर आधी वास येतो. मिरी, वेलदोडा, सुंठ. सुंठेपाशी मी बराच वेळ उभी राहिले. आपण ओलं आलं कंदमूळ म्हणून वर्ज्य करतो आणि उन्हात वाळून प्रासुक झालेली सुंठ मात्र चालते. पर्युषणातल्या काढ्यातली चिमूटभर सुंठ किती हातांतून फिरून येते, ते तिथे पाहायला मिळतं.

जवळच गुजराती रोडवर धर्मनाथ भगवानांचं पांढऱ्या संगमरवराचं मंदिर आहे. व्यापारासाठी आलेल्या गुजराती-कच्छी कुटुंबांनी इथे वस्ती केली, त्या वस्तीचं हे मंदिर. ते श्वेतांबर परंपरेचं आणि आमचं घर दिगंबर. पण पंधरावे तीर्थंकर दोघांचेही तेच. तिथून पॅडल मारत निघालात की कोकणी बोलणाऱ्यांचं तिरुमल देवस्थान लागतं. पोर्तुगीजांच्या जाचाने गोव्यातून निघालेली ही माणसं. पुढे १५६८ साली बांधलेलं ज्यूंचं सिनेगॉग. आपापला धर्म सांभाळून इतकी माणसं एका बंदरात शेजारी राहिली. अनेकांताबद्दल आपण स्वाध्यायात बोलतो, इथे ते गल्लीगल्लीत दिसतं.

आता आक्षेपाकडे येते, कारण माझ्या जाऊबाईंनी तो लगेच घेतला. "अगं, मासेमारीचं गाव ते. जैन बाईने तिथे सायकलवर फिरून काय पाहायचं?"

प्रश्न योग्य आहे. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळी आहेत. लांब वाशांना बांधलेलं मोठं जाळं, मागे वजनाला टांगलेले दगड, आणि ते वरखाली करायला चार-सहा माणसं. सकाळी शेजारीच मासळी विकायला असते. मला तिथे फार वेळ थांबवलं नाही. पण काचा वर करून गाडीतून जाणाऱ्यालाही तीच जाळी लागतात. नजरेला पडणं आणि त्यात सामील होणं यात फरक आहे. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन भाग सांगितले आहेत. जाळ्यावरची माणसं पर्यटकांना दोर ओढायला बोलावतात आणि थोडी बक्षिशी घेतात. तो दोर मी धरला नाही, मुलांनाही धरू दिला नाही. तिथे मजा म्हणून हात लावणं म्हणजे कृत आणि अनुमोदना दोन्ही. पण त्या माणसांकडे तुच्छतेने पाहणं हेही आपल्या धर्मात बसत नाही. हसून मान हलवावी आणि पुढे जावं.

सायकलनेही जीव मरतात, हेही खरं. म्हणून मी पावसाळ्यात आणि चातुर्मासात सायकलसहल करा म्हणणार नाही. पण ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून चालायला सांगितलं आहे. श्रावकाला ते मुनींसारखं जमणार नाही. तरी मुंग्यांची रांग दिसून बाजूने जाता येईल, एवढा वेग सायकलवर राखता येतो. गाडीत रांग दिसतही नाही.

आणखी एक गोष्ट मला फार पटली. देशव्रतात आपण आज अमुक हद्दीपलीकडे जाणार नाही असं ठरवतो. सायकलवर ही हद्द सहज पाळली जाते. पायांना झेपेल तेवढंच गाव. तेवढ्यात पाहिलेलं मात्र लक्षात राहतं. आणि उजाडता निघून सूर्यास्ताआधी परतायचं, हे आपलं वेळापत्रक तर आधीच तयार आहे. डिसेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे जेवणाची वेळ मनात धरूनच परतीला लागावं.

जायचं ठरवलंत तर काही गोष्टी सांगते. ओढणी कमरेला बांधा, साखळीत अडकते. सायकल घेताना दोन्ही ब्रेक दाबून पाहा. गाळलेल्या पाण्याची बाटली घ्या. शहाळं आणि पिकलेलं नेंद्रन केळं मिळतं. तांदळाचं पीठ आणि ओलं खोबरं वाफवून केलेला पुट्टू केळ्याबरोबर छान लागतो. सोबत येणाऱ्या उसळीत कांदा असतो, ती नको म्हणून आधीच सांगा. दुपारी बारा ते तीन ऊन कडक असतं, तेव्हा मंदिरात बसा, सामायिक करा.

सुनेला, लेकीला बरोबर घ्या. गुडघे परवानगी देत असतील तर सासूबाईंनाही विचारून पाहा. नाही म्हणतील असं आपणच धरून बसतो.