पाण्याला वैरणीचा भाव

दिवाळी सरली की पुण्याच्या आसपासच्या गोठ्यांत एकच गाऱ्हाणं ऐकू येतं: चारा महागला, जनावर परवडत नाही. उपाय सांगणारेही तयारच असतात. कुणी अझोल्याचे हौद बांधायला सांगतो, कुणी ट्रेमध्ये मातीविना मका उगवायला, कुणी म्हणतो उसाचे वाढे फुकट पडलेत, उचलून आणा. हे सगळे उपाय स्वस्त चारा मिळवण्याचे आहेत. खर्च कमी करण्याचा मार्ग वेगळा आहे, आणि तो या तिन्हींतून जात नाही. गोठेवाल्याचा पैसा जातो चाऱ्याच्या भावाने विकत घेतलेल्या पाण्यात आणि गव्हाणीखाली तुडवल्या गेलेल्या वैरणीत. हे माझं म्हणणं. आता आक्षेप एकेक करून घेऊ.

हिवाळ्यातला चाराखर्च हा मुळात परदेशी चिंतेचा विषय. अमेरिकेत नेब्रास्का-कॅन्ससकडे मांसासाठी गाई पाळतात. बर्फाने कुरण झाकलं की साठवलेलं गवत विकत घालावं लागतं, आणि वर्षाच्या खर्चातला मोठा वाटा तिथेच जातो. तिथला शहाणा शेतकरी मका काढून झाल्यावर गाई सरळ त्या रानात सोडतो, म्हणजे काढणी, वाहतूक, साठवण सगळंच वाचतं. गाभण न राहिलेली गाय तो हिवाळ्याआधीच विकून टाकतो. आपल्याकडे गोहत्याबंदी १९७६च्या कायद्याने आली आणि २०१५पासून बैल-वळूही त्यात आले, त्यामुळे ती वाट बंद. भाकड गाय, वय झालेला बैल, खोंड हे सगळे आपल्या दावणीला राहतात आणि खातात. तेव्हा तिकडचं वेळापत्रक इकडे चिकटवून चालत नाही. आपल्याकडे टंचाईचे महिने एप्रिल ते जून. हिवाळा हा उलट भरतीचा काळ: ऑक्टोबरात बाजरीचं सरमाड आणि सोयाबीनचं भुसकट, नोव्हेंबरात मावळ-मुळशी-भोरकडचा भाताचा पेंढा, मग मार्चपर्यंत उसाचे वाढे, आणि फेब्रुवारी-मार्चात रब्बी ज्वारीचा कडबा. ज्याला हिवाळ्यात चारा महाग वाटतो, त्याचा मे महिना कसा जाईल याचा विचारच नको.

थंडीत जनावराला खुराक वाढवावा लागतो, हाही असाच उसना समज. उणे तापमानात उभ्या राहिलेल्या गाईला ऊब टिकवायला जास्त लागतं, हे खरंच आहे. पुण्यात डिसेंबरची पहाट दहा अंशांच्या आसपास जाते, आणि होल्स्टीन संकराची गाय या हवेत वर्षातल्या कोणत्याही महिन्यापेक्षा सुखी असते. तिला पोत्याची झूल आणि वर किलोभर जादा गोळी पेंड, हा लाड झाला. कोरडी जागा हवी ती वासरांना.

आता मुख्य मुद्दा. चारशे किलो वजनाची गाय दिवसाला साधारण बारा किलो कोरडा चारा खाते. कोरडा म्हणजे त्यातलं पाणी वजा करून उरलेला. पाणी ती हौदावर पिते, त्याला पैसे पडत नाहीत. आपण मात्र चारा ओल्या वजनावर घेतो. समजा वाढे ३ रुपये किलोने मिळाले आणि कडबा १० रुपयांनी. कुणीही म्हणेल वाढे तिपटीने स्वस्त. पण वाढ्यांत कोरडा भाग शंभरात अठ्ठावीसच्या आसपास, कडब्यात नव्वद. हिशेब केला तर वाढ्यांचा कोरडा किलो पावणेअकरा रुपयांना पडतो आणि कडब्याचा अकराला. तिपटीचा फरक पाण्यात विरघळला. मार्केट यार्डातून दीड रुपया किलोने आणलेला कोबीचा पाला घ्या. त्यात नव्वद टक्के पाणी, म्हणजे कोरडा किलो पंधरा रुपयांना. तिघांत स्वस्त दिसणारा तोच सर्वांत महाग. भाव तुमच्या गावचे घाला, रीत हीच राहील. प्रयोगशाळेचीही गरज नाही: किलोभर चारा बारीक कापून गच्चीवर कडक वाळवा आणि पुन्हा तोला.

हीच तागडी मातीविना चाऱ्याला लावा. एका किलो मक्यापासून सहा-सात किलो हिरवागार चारा, अशी जाहिरात असते, आणि ती खोटी नाही. ट्रे उचलला की वजन खरंच तेवढं भरतं. पण दाण्याला कोंब फुटताना त्यातलं पिष्ट जळतं. आठवड्याने त्या सहा किलोंत कोरडा भाग मूळच्या किलोभर मक्यात होता त्याहून कमी असतो. वर ट्रे, शेडनेट, वीज, बुरशीची कटकट. तोच मका भरडून गव्हाणीत टाकला असता तर नफा नाही तरी तोटा टळला असता. अझोल्याचंही तेच. दोन किलो ओला अझोला म्हणजे सुकवल्यावर सव्वाशे ग्रॅम, त्यात प्रथिनं तीसेक ग्रॅम; तेवढी मूठभर शेंगदाणा पेंडीत मिळतात. कोंबड्यांना अझोला घाला, माझी हरकत नाही. दुभत्या गाईची पेंड त्याने वाचते असं सांगणाऱ्याने कधी तो वाळवून तोललेला नसतो.

वाढ्यांची बाजू घेणारे अधिक आहेत आणि त्यांचं म्हणणं इतकं उडवून लावण्याजोगं नाही. दौंड-शिरूर-जुन्नरच्या फडांवर तोडणी कामगार वाढ्यांच्या मोळ्या बांधून विकतात, तेवढाच त्यांचा हातखर्च सुटतो. फड जवळ असेल तर याहून सोयीचा हिरवा चारा नाही, जनावर आवडीने खातं आणि दावणीला हिरवं दिसतं. मान्य. पण ओला चारा जितका लांबून येईल तितकं टेम्पोतून पाणी वाहून आणायचं भाडं वाढत जातं. शिरूरहून मांजरीत आलेली मोळी फडावरच्या भावात मोजणं ही स्वतःचीच फसवणूक. दुसरं, वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. चार महिने नुसत्या वाढ्यांवर काढलेली गाय व्याली की बसते. मग सलाइन, डॉक्टरांची रात्रीची फेरी आणि पडलेलं दूध हा खर्च वाढ्यांच्या खात्यावर कुणी टाकत नाही. जाणते शेतकरी म्हणूनच चुन्याची निवळी पाजतात. रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, सोबत कडब्याची कुट्टी आणि थोडा लसूणघास, एवढं असेल तर वाढे जरूर घाला, निम्म्यापर्यंत घाला. तिसरी गोष्ट काळाची. ऊस तोडणीला यंत्रं वाढताहेत, आणि यंत्र वाढ्याचे तुकडे करून रानातच उडवतं. वाढ्यांच्या मोळीवर गोठा बेतणाऱ्याने हे आताच लक्षात घेतलेलं बरं.

मग करायचं काय? आधी सांडणं थांबवायचं. पुणे महापालिकेत २०२१ साली आलेल्या गावांपैकी मांजरी हे एक. सोसायट्यांच्या भिंतीला लागून तिथे अजून गोठे आहेत. अशा गोठ्यात सकाळी दहाला जा आणि गव्हाणीखाली बघा. अख्ख्या पेंढ्या सोडून टाकलेल्या असतात. गाय पानं ओरबाडते, ताट ओढून खाली टाकते, त्यावर मूत-शेण पडलं की त्याला तोंड लावत नाही. जाड बुंध्याची कांडी खुरांखाली चेपून चिखलात बसलेली दिसतात. मालक ती संध्याकाळी फावड्याने ओढून उकिरड्यावर टाकतो आणि म्हणतो, खत होतंय की. दहा रुपये किलोचं खत! अख्ख्या कडब्यातला पाव ते तिसरा हिस्सा असा जातो. दहा जनावरांना रोज सहा-सहा किलो कडबा घातला आणि त्यातला पाव भाग गेला, तर दिवसाला पंधरा किलो, महिन्याला साडेचार हजार रुपये. एवढं सांडणाऱ्याच्या कडब्याचा कोरडा किलो अकराला नाही, पंधराला पडतो. कडबाकुट्टी यंत्र आणि गव्हाणीला पुढून फूटभर उंच कठडा या दोन गोष्टींनी हे सांडणं बरंच आटोक्यात येतं. भाताचा पेंढा घेणाऱ्यांसाठी युरिया प्रक्रिया आहे: शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, प्लास्टिकखाली हवाबंद दाबून एकवीस दिवस ठेवायचा. लहान वासरांना तो द्यायचा नाही, आणि युरिया कधीही नुसता किंवा अंदाजाने घालायचा नाही, विषबाधा होते. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात किंवा मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या ‘बायफ’मध्ये हे शिकायला मिळतं. दोन्ही ठिकाणं शहराच्या टप्प्यात असताना आपण मोबाइलवरचे व्हिडिओ बघून गोठे चालवतो, हे मात्र नवल आहे.

दुसरं, सगळ्यांना सारखं घालणं बंद करायचं. दुभती, गाभण, भाकड, कालवड एका ओळीत बांधलेल्या आणि घमेलं एकाच मापाचं, हे दृश्य नेहमीचं. रिकाम्या भाकड गाईला पेंड लागत नाही. कुट्टी, थोडं हिरवं आणि खनिज मिश्रण पुरतं. उलट गाभण गाय आटली म्हणून तिचं आंबोण तोडणारे चुकतात. वासराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत होते. तिथे वाचवलेले पैसे पुढच्या वेतात दुधाने वजा होतात.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: शहरात वैरण साठवायला जागा कुठे? खरंय. गुंठ्याचा भाव बघता कडब्याची गंज रचणं मांजरीत किंवा धायरीत वेडेपणाच. पण अख्ख्या पेंढ्यांपेक्षा पोत्यात दाबून भरलेली कुट्टी कमी जागा घेते, आणि मुरघासाच्या हवाबंद पिशव्या उघड्यावरही थप्पीने राहतात. मुरघास किलोला महाग दिसतो, त्यातही पाणी दोन तृतीयांश असतं. पण मक्याच्या कणसांसकट केलेला असेल तर थोडा खुराक वाचवतो, म्हणून तो दुभत्यांनाच घालावा. ज्या जनावराकडून आज दूध नाही ते शहरात ठेवायचंच कशाला? जुने गवळी भाकड जनावर गावाकडे पाठवत. पाहुण्याकडे किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडे वाट्याने दिलेली कालवड बांधावरच्या गवतावर वाढते, मार्केट यार्डाच्या पाल्यावर नाही.

जाता जाता शहरवासीयांनाही एक सांगायचं आहे. शिळ्या पोळ्या, पाव, उरलेला भात पिशवीतून गोठ्याच्या दारात ठेवून जाणारे मदतच करतो असं समजतात. एवढं पिष्ट एकदम पोटात गेलं की आम्लता वाढते, पोट फुगतं, जनावर खाणं सोडतं. गोग्रास द्यायचाच तर कुट्टीच्या एका पोत्याचे पैसे द्या.

आणि एक मागणी बाजाराकडे. कडबा आजही शेकड्यावर विकला जातो. शंभर पेंढ्यांचा भाव ठरतो, पण पेंढी केवढी हे बांधणाऱ्याच्या हातावर असतं. एका गावची पेंढी दोन किलोंची, दुसऱ्या गावची सव्वाची, दर मात्र एकच. भाजी किलोवर, दूध लिटरवर, फॅटवर घेतात आणि त्या दुधाचा कच्चा माल नगावर विकतात. बाजार समित्यांनी वैरण वजनावर विकण्याचा नियम करावा. तो होईल तेव्हा होईल. येत्या फेब्रुवारीत मालदांडी ज्वारी निघाली की व्यापाऱ्याच्या दारात दहा पेंढ्या काट्यावर टाका आणि मगच शेकड्याचा भाव बोला.