अपडेट येईल तेव्हा येईल, डिलिव्हरी आज द्यायची आहे!



दुकानाच्या जाहिराती, रिक्षावरच्या स्पीकरसाठी अनाउन्समेंट, क्लासच्या सरांची लेक्चर्स, पॉडकास्ट... आपल्या छत्रपती संभाजीनगरात घरातल्या एका खोलीतून ही कामं करणारी बरीच मुलं-मुली मला भेटतात. लॅपटॉप, माइक आणि एक सॉफ्टवेअर, एवढंच भांडवल. आणि तक्रारही ठरलेली: "सर, नवीन व्हर्जन कधीचं येणार म्हणतायत. ते आलं की काम वाढवतो."

माझं स्पष्ट मत आहे, हे "ते आलं की" धंद्याला महाग पडतं.

तुमच्यातले बरेच जण वापरतात ते ऑडॅसिटीच घ्या. 2000 साली आलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. त्यात इफेक्ट लावला की तो आवाजातच मुरायचा. नंतर बेस जास्त वाटला तर अनडू करत मागे जा, म्हणजे मधलं कामही गेलं. ऐकता ऐकता इफेक्ट कमी-जास्त करायची सोय आली 3.2 व्हर्जनमध्ये, 2022 साली. म्हणजे 22 वर्षं! त्याआधी प्रोजेक्टचीही गंमत होती. एक छोटी फाइल आणि शेजारी डेटाचं फोल्डर. फक्त फाइल पेनड्राइव्हवर घेतली की ग्राहकासमोर आवाज गायब. सगळं एकाच फाइलमध्ये आलं ते 3.0 पासून, मार्च 2021 मध्ये.

चिडचिड होणारच. पण इथे एक फरक करा. फुकटच्या सॉफ्टवेअरकडे आपण मागणी करू शकतो, हट्ट नाही. पैसे देऊन घेतलेल्याचं तसं नाही. दर महिन्याला खात्यातून रक्कम कापली जाते आणि नेमका आपल्याला नडणारा दोष "लवकरच" या शब्दावर वर्षभर लोंबकळतो, हे चुकीचंच आहे. आपण तारीख न सांगता ग्राहकाकडून दर महिन्याला ॲडव्हान्स घेतला तर तो दारात उभं करेल का?

म्हणून माझा नियम: सॉफ्टवेअर आज जे करतं त्याचेच पैसे द्या. उद्या काय करणार, त्याचे नाही.

आणि वाट बघताना हे करा:

1. मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये वेगळं जपून ठेवा. ती जवळपास कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी माल तुमच्याच हातात.

2. निवेदन, संगीत, पत्ता वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा. 2023 मध्ये शहराचं नाव बदललं. ज्याच्याकडे सगळं एकत्र मिसळलेली एमपी3 तेवढीच असेल, त्याला अख्खी जाहिरात पुन्हा करावी लागणार. ज्याच्याकडे ट्रॅक वेगळे, त्याचं एका वाक्यात काम.

3. खोली सुधारा. पंख्याची घरघर काढणारं अपडेट मागण्यापेक्षा रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद करा. आपल्या उन्हाळ्यात ही शिक्षाच आहे, मान्य. मग पहाटे करा, गल्लीही शांत असते. भिंतीला जाड गोधडी टांगा, आवाज घुमणं कमी होतं.

4. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी अपडेट टाकू नका. आधी काम पोचवा, मग प्रयोग.

5. एखाद्या सोयीवाचून दर आठवड्याला किती तास जातात ते महिनाभर वहीत लिहा. तासांची किंमत दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या खर्चापेक्षा जास्त निघाली, तर बिनधास्त बदला. कमी निघाली, तर कुरकुर थांबवा.

गुलमंडीतल्या दुकानदाराला पाडव्याची जाहिरात पाडव्याआधी हवी असते. तो तुम्हाला व्हर्जन विचारत नाही. तो विचारतो, "संध्याकाळपर्यंत मिळेल ना?" त्याला वेळेत "हो" म्हणता येणं, हाच आपला धंदा.

तेव्हा आजच वही काढा आणि तास लिहायला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!