खलनायक इतका ढिला कसा?

आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये रविवारी ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चा १९९० मधला गाजलेला जोडभाग लावला होता, ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’. सोबत नववीतला भाचा. दर पाच मिनिटांनी पॉज करून खलनायकाच्या चुका काढायची त्याला भारी हौस!

चुका आहेतही. बोर्ग म्हणजे अर्धी माणसं, अर्धी यंत्रं. सगळ्यांची डोकी एकमेकांना जोडलेली. कॅप्टन पिकार्डला पळवून ते आपल्यात मिसळतात, त्यामुळे समोरच्यांचे डावपेच त्यांना आधीच ठाऊक. वुल्फ ३५९ पाशी त्यांचं एकच यान ४० जहाजांच्या ताफ्यातली ३९ संपवतं. इथवर चोख. मग एंटरप्राइझची माणसं बोर्गच्या यानात शिरून पिकार्डला उचलून आणतात, आणि बोर्ग खुशाल पृथ्वीच्या वाटेला लागतात!

“मामा, आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जायचा रस्ता शत्रूच्या हातात देऊन कोण पुढे जातं? निदान कनेक्शन तरी तोडा!”

त्याच रस्त्याने ‘झोपा’ असा हुकूम जातो आणि यान संपतं. मी म्हटलं, लेखकाला पृथ्वी वाचवायची होती ना. पहिला भाग लिहिताना मायकेल पिलरलाच सुटका कशी होणार हे ठाऊक नव्हतं.

पेपर वाचणारे बाबा तेवढ्यात म्हणाले, “इथून शंभर किलोमीटरवर पानिपत आहे. तिथे कुठला लेखक होता?”

१७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, ऑक्टोबरात उत्तरेला कुंजपुरा जिंकला. यमुना फुगलेली, अब्दाली पलीकडे. तो येत नाही, असं धरून चालले. उतारांवर पुरेसा पहारा नव्हता. अब्दालीने बागपतपाशी नदी ओलांडली आणि मराठे व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. रसद तुटली. दोन-अडीच महिने छावणीत उपासमार, आणि मग १४ जानेवारी १७६१.

भाचा गप्प. मग हळूच म्हणाला, “म्हणजे भाऊंनी पण बोर्गसारखंच...?”

“बोर्गांबरोबर बायकामुलं आणि यात्रेकरू नव्हते,” बाबा म्हणाले. “भाऊंबरोबर हजारोंनी होते. त्यांना घेऊन झटपट हलता येत नाही.”

“पण पहारा तर ठेवता आला असता ना, आजोबा?”

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. “आला असता,” म्हणाले.

येत्या रविवारी काला आंबला जायचं ठरलंय. वाटेत बागपत लागत नाही, पण भाच्याला आधी तिथली नदी बघायची आहे.