उच्चार तपासणाऱ्यांना

बुसैतीनला लेकीकडे आलो आहोत. परवा नातीने नवगावला फुटलेल्या गलबताची, आपल्या सात जोडप्यांची हकीकत मराठीतून वाचली. आम्ही ती फोनवर रेकॉर्ड करून नातलगांना पाठवली. कौतुक राहिले बाजूला, ठाण्याच्या एका ज्येष्ठांनी कळवले, "उच्चार शुद्ध नाहीत. असले जपून ठेवू नये." तेव्हापासून पोर मराठीत बोलायला तयार नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमीन सयानी गेले तेव्हा याच ज्येष्ठांनी "असा शुद्ध आवाज पुन्हा होणे नाही" असे लिहिले होते.

मग हेही ऐका. या सयानींना आकाशवाणीने हिंदी निवेदकाच्या चाचणीत नाकारले होते. कारण? उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा! थोरले बंधू हमीद यांच्या हाताखाली ते आधी इंग्रजी कार्यक्रम करीत. सोपी हिंदुस्तानी त्यांच्या कानावर पडली ती आईमुळे. कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' पाक्षिक काढत, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, आणि हा मुलगा त्यात मदत करी. नुकती अक्षरे ओळखू लागलेल्या माणसाला कळेल असे बोलायचे, हीच त्यांची शाळा.

१९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीने सिनेगीतांना जवळजवळ दार लावले. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत, फिती कोलंबोला, मानधन आठवड्याला २५ रुपये. पहिल्या कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली. त्यांत उच्चार तपासणारे किती असतील?

आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हा बुधवारी रात्री आठला वॉर्डात कुणाचा तरी ट्रान्झिस्टर लागे. अलिबागचा कोळी आणि भायखळ्याचा शिंपी, दोघेही कान देऊन गीतमाला ऐकत. आम्ही पुस्तकी थाटात "मूत्रविसर्जन झाले का?" विचारले की तेच दोघे भिंतीकडे बघत. "लघवी झाली का?" म्हटले की लगेच उत्तर. (डिप्लोमात हे शिकवले नव्हते.)

आणि ही शुद्धता आणली कुठून? आपले वाडवडील अष्टमी-नागावची कोकणी वळणाची बोली बोलत. सदाशिव पेठेने ती कधी शुद्ध मानली होती का? आज आपणच आपल्या नातवंडांसाठी सदाशिव पेठ होऊन बसलो आहोत. घरात मराठी उरली नाही म्हणून रडायचे, आणि एक पोर वाचू लागली की तिचा 'ळ' मोजायचा!

नातीची समजूत काढतो आहोत. जुने रेकॉर्डिंग पुसलेले नाही, पुसणारही नाही. ज्यांना खटकते त्यांनी ऐकू नये.