डोस मोजला, पुढे पेशंट कोणी मोजला?



'ऑडिट' म्हटले की आपल्याला मार्चअखेर आणि सीए आठवतो. डॉक्टरांनीही आपल्या कामाचे ऑडिट करायचे असते, हे बहुतेक पेशंटना माहीत नसते. खरे सांगायचे तर बऱ्याच डॉक्टरांना ते नकोच असते. मलाही नको होते. आज त्यावर थोडे कडक लिहिणार आहे, म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

भवानी पेठेतल्या माझ्या दवाखान्यात एक अक्का येतात. घरी बिडी वळतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना इतका कंप सुटला की तेंदूचे पान वळतानाच फाटायचे. छातीत धडधड, वजन उतरलेले, झोप नाही. तपासणीत थायरॉइड ग्रंथी जास्त काम करते असे निघाले. कार्बिमाझोलच्या गोळ्या दीड वर्ष दिल्या. बंद केल्या की पुन्हा तेच. शेवटी मी त्यांना बाहेरगावी मोठ्या रुग्णालयात रेडिओआयोडीन उपचारासाठी पाठवले. तिथे सगळे व्यवस्थित झाले.

चूक पुढे झाली, आणि ती माझ्याकडे झाली.

रेडिओआयोडीन म्हणजे काय?

थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडीन शोषून घेते. आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी आयोडीन कॅप्सूल किंवा द्रव रूपात पोटात दिले की ते या ग्रंथीत जाऊन बसते. त्याचे बीटा किरण जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत जातात, म्हणून मुख्यतः तिथल्याच पेशी मरतात. दर ८ दिवसांनी त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो. हा उपचार नवा नाही. बॉस्टनमध्ये १९४१ साली तो पहिल्यांदा दिला गेला. आपल्या महाराष्ट्रात १९६३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले. तुर्भ्याच्या 'ध्रुव' अणुभट्टीत हे औषधी आयोडीन तयार होते. तेव्हा 'अणूचे औषध' म्हणून घाबरू नका. योग्य पेशंटला, योग्य वेळी दिले तर हा चांगला उपचार आहे. माझे भांडण उपचाराशी नाही.

काय मोजले जाते आणि काय नाही?

हा उपचार देणाऱ्या केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. डोस किती मिलिक्युरी दिला, पेशंटपासून एक मीटरवर किरणोत्सर्ग किती, कर्मचाऱ्यांना तो किती लागला, सगळ्याची नोंद होते. कॅन्सरसाठी मोठा डोस दिलेल्या पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवतात. त्याच्या शौचालयाचे पाणीसुद्धा खास टाक्यांत साठवतात आणि किरणोत्सर्ग ओसरल्यावरच सोडतात. हे योग्यच आहे.

पण गंमत बघा. पेशंटच्या शौचालयाच्या पाण्याचा हिशेब आहे. सहा महिन्यांनी त्या पेशंटचे काय झाले, याचा हिशेब कुणाकडे आहे? केंद्र म्हणते, "आम्ही डोस दिला, पुढचे तुमचे डॉक्टर बघतील." गावचा डॉक्टर म्हणतो, "मोठ्या ठिकाणी उपचार झालाय, ते सांगतील तसे." पेशंट म्हणतो, "दोघेही काही बोलले नाहीत, म्हणजे मी बरा असणार."

अक्कांचे नेमके हेच झाले. दोन महिन्यांनी त्या आल्या, मी टीएसएच करायला सांगितला. तो कमी आला. कमी टीएसएच म्हणजे थायरॉइड अजून जास्त चालतेय, असे समजून मी गोळी चालू ठेवली. फ्री टी-४ मुद्दामच लिहिला नाही. तेवढेच पैसे वाचतील, हा चांगला हेतू. पुढे त्यांचा चेहरा सुजला, आवाज बसला, थंडी सोसेना. दिवसाला हजार बिडी वळणाऱ्या बाईला पाचशेलाच संध्याकाळ व्हायला लागली. थकवा आहे म्हणून मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. अखेर फ्री टी-४ केला तेव्हा तो तळाला गेलेला होता.

"मग आता ती गोळी सोडायची का? सोडू नको म्हणून तुम्हीच सांगितलाव की, डॉक्टर," अक्का म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला तेच जास्त लागले.

यामागचे कारण साधे आहे. थायरॉइड बराच काळ जास्त चालली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडणे जवळपास बंद करते. उपचारानंतर थायरॉइडचे काम घटले, तरी पिट्युटरीला जाग यायला कधी कधी काही महिने लागतात. त्या काळात फक्त टीएसएच बघणारा फसतो. हे पुस्तकात आहे. मी ते वाचलेही होते.

मग मी ऑडिट केले

ऑडिट म्हणजे संशोधन नव्हे आणि पोलीस तपासही नव्हे. काय व्हायला हवे ते आधी लिहायचे, प्रत्यक्षात काय झाले ते नोंदींतून मोजायचे, फरक का पडला ते शोधायचे, पद्धत बदलायची आणि पुन्हा मोजायचे. शेवटची पायरी गाळली तर ते ऑडिट नाही, नुसती हळहळ आहे.

अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१६ च्या सूचना समोर ठेवून मी चार प्रश्न घेतले. मूल होण्याच्या वयातल्या बाईची डोसआधी ४८ तासांत गर्भतपासणी झाल्याची नोंद आहे का? पहिली रक्ततपासणी एक ते दोन महिन्यांत झाली का? त्यात टीएसएचबरोबर फ्री टी-४ आणि टी-३ होते का? त्यानंतर सहा महिने, किंवा थायरॉक्सिनची गोळी सुरू होऊन डोस स्थिरावेपर्यंत, दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी झाली का? मग मी रेडिओआयोडीनला पाठवलेल्या पेशंटचे जुने केसपेपर काढले.

टक्के इथे मांडत नाही. एका दवाखान्यातल्या मूठभर पेशंटचे टक्के काढणे हा आकड्यांचा देखावा होईल. पण दिसले ते स्पष्ट होते. अक्का एकट्या नव्हत्या. फ्री टी-४ न करण्याची माझी सवयच होती. काही केसपेपर डोसच्या तारखेनंतर कोरे होते. डिस्चार्ज कार्डे इंग्रजीत होती. आपल्या सोलापुरात घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि नातेवाइकांत कानडी बोलणाऱ्या माणसाने ते वाचायचे कसे?

"पेशंटच येत नाहीत हो!"

हे आम्हा डॉक्टरांचे आवडते वाक्य. अर्धे खरे आहे. पण बिडीची मजुरी हजारी मिळते. दवाखान्यात गेलेली सकाळ म्हणजे बुडालेले पैसे. कशासाठी यायचे, हे तिला समजेल असे कुणी सांगितलेच नसेल, तर ती का येईल?

"ऑडिटला वेळ कुठे आहे?" मला चार रविवार पुरले.

"ऑडिटने डॉक्टरांचे खच्चीकरण होते." न मोजलेल्या चुकीने पेशंटचे होते, त्याचे काय?

आणि रुग्णालयांनो, तपासणी पथक यायच्या आदल्या रात्री भरलेल्या रजिस्टरांना ऑडिट म्हणू नका. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने न्यूक्लिअर मेडिसिनच्या ऑडिटची मार्गदर्शिका २००८ साली काढली, २०१५ साली सुधारून दिली. आराखडा तयार आहे. माझा प्रश्न एकच आहे: गेल्या वर्षी डोस दिलेल्या तुमच्या किती पेशंटचा आजचा थायरॉइड रिपोर्ट तुम्हाला माहीत आहे? ज्या केंद्राला हे सांगता येत नाही, त्याने 'उपचार यशस्वी' असे लिहू नये.

माझ्याकडे आता एक वेगळी वही आहे. पाठवलेल्या प्रत्येकाचे नाव, डोसची तारीख आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा त्यात आधीच लिहिलेल्या असतात. तारीख चुकली की दवाखान्यातून फोन जातो. सहा महिन्यांनी पुन्हा मोजले. फ्री टी-४ ची चूक थांबली होती. कामासाठी भिवंडीला गेलेली दोन कुटुंबे मात्र अजून सुटतात. म्हणजे काम संपलेले नाही.

तुम्ही काय करावे?

- डोस घेऊन घरी निघताना पहिल्या रक्ततपासणीची तारीख लिहून मागा, तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत.
- पहिले काही महिने फक्त टीएसएचवर समाधान मानू नका. फ्री टी-४ बद्दल विचारा.
- गरोदरपणात हा उपचार चालत नाही. पाळी चुकली असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगा. उपचारानंतर किमान सहा महिने दिवस राहू देऊ नका.
- डोळे लाल होणे, पुढे येणे, एकाचे दोन दिसणे असे काही झाले तर लगेच दाखवा. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर बंद करा, डोळ्यांना त्याने अपाय होतो.
- या उपचारानंतर थायरॉइड मंद होणे अपेक्षितच असते. थायरॉक्सिनची रोजची गोळी आणि वर्षातून एकदा तपासणी, हे आयुष्यभराचे आहे. कोणतीही गोळी मनाने सुरू किंवा बंद करू नका.

अक्का आता थायरॉक्सिनवर बऱ्या आहेत. बिडीचा आकडा पुन्हा हजारावर आलाय. दर वर्षी वहीतली तारीख बघून त्याच मला विचारतात, "डॉक्टर, यंदा दोन्ही तपासण्या लिहिलाव का?"

माझे ऑडिट आता त्या करतात. तुमच्या डॉक्टरांचे तुम्ही करा.