मुळांवरचे पाय



पश्चिम ऑस्ट्रेलियात, वॉलपोल गावाजवळच्या रानात, रेड टिंगल जातीचे एक प्रचंड झाड १९९० साली कोसळले. त्यावर कोणी कुऱ्हाड चालवली नव्हती. खोड आतून पोकळ झाले होते, आणि ती पोकळी एवढी मोठी की लोक मोटार आत उभी करून फोटो काढून घेत. गाड्यांनी आणि पावलांनी बुंध्याजवळची माती वर्षानुवर्षे दाबली गेली. टिंगलची मुळे उथळ असतात. माती घट्ट झाली की त्यांना हवा मिळत नाही, पाणी मुरत नाही. येणारा प्रत्येक जण त्या झाडावर खूश होता. आमच्या मते त्या कौतुकाचाच भार झाडाला झाला.

आम्ही उभयता लेक-जावयासोबत पर्थहून कॅरव्हॅन घेऊन तिकडे गेलो होतो. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडलेले चाकांवरचे घर: बिछाने, एक शेगडी, पाण्याची छोटी टाकी. (टाकी छोटी असली की सगळी भांडी दोन तांबे पाण्यात घासून होतात, हे आमच्या घरी आता रोज ऐकावे लागते.) पेम्बर्टनपाशी कारीची झाडे सुरू होतात. ही झाडे ऐंशी मीटरच्याही वर जातात. मान दुखेपर्यंत पाहिले तरी शेंडा सापडत नाही, आणि बरेच वरपर्यंत फांदी नाही, नुसते गुळगुळीत फिकट खोड. वणवा लांबून दिसावा म्हणून १९४७ साली त्यातल्या एका झाडावर टेहळणीचे मचाण बांधले गेले. ते झाड म्हणजे ग्लॉस्टर ट्री. खोडात ठोकलेल्या खुंट्यांवरून पहारेकरी वर चढत. याच रानांतल्या कारी आणि जारा लाकडाचे ठोकळे एके काळी लंडनच्या रस्त्यांत बसवले गेले. २०२४ पासून मात्र तिथल्या राज्य सरकारने नैसर्गिक जंगलांतली लाकडासाठीची तोड थांबवली आहे.

टिंगल पडल्यावर तिथल्या लोकांनी जे केले ते आम्हाला फार आवडले. रान बंद केले नाही. १९९६ साली त्यांनी झाडांच्या शेंड्यांमधून सहाशे मीटर लांबीची पोलादी वाट उभारली. तिची सर्वांत उंच जागा जमिनीपासून चाळीस मीटरवर आहे. वाट पायाखाली हलते, कठडा सोडवत नाही. पण मुळांवर पाय पडत नाही.

पुढे आल्बनीजवळ समुद्र लागला. ‘द गॅप’ नावाच्या ग्रॅनाइटच्या खाचेत लाटा अशा आदळतात की बोललेले शेजाऱ्याला ऐकू येत नाही. तिथून दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत नुसते पाणी. त्या किनाऱ्याकडच्या कित्येक पायवाटांच्या तोंडाशी बूट घासायला ब्रश ठेवलेले असतात. डायबॅक नावाचा रोग मातीतून पसरतो आणि जारा, बँक्सिया यांची मुळे कुजवतो. तळव्याला चिकटलेली माती पुढे न्यायची नाही. मोशेला होरेबपाशी पायांतले जोडे काढायला सांगितले होते, ते आम्हाला तिथे वाकून बूट घासताना आठवले.

रविवारी कॅरव्हॅनबाहेर घडीचे टेबल मांडून आम्ही १०४ वे स्तोत्र वाचले. त्यात लबानोनचे गंधसरू परमेश्वराने लावलेले आहेत. पुढे शलमोनाने मंदिरासाठी तेच गंधसरू तोडून आणवले, आणि त्या कामावर पाळीपाळीने तीस हजार माणसे पाठवली. देवाच्या घरासाठीच की! म्हणून हेतू चांगला आहे, एवढ्याने आमचे समाधान होत नाही.

आता आपल्या आवारातल्या चिंचेबद्दल. तिच्याभोवती अगदी खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवावेत, म्हणजे चिखल होणार नाही आणि आणखी गाड्या मावतील, अशी सूचना कमिटीपुढे आहे. सूचना करणारे मंडळीवर जीव टाकणारे आहेत, आणि चिखलाचा त्रासही खरा आहे. पावसाळ्यात वयस्कर मावश्या हात धरून चालतात. तरी आमचा या सूचनेला विरोध आहे. चिंच हिरवीगार आहे, ब्लॉकने तिला काय होणार, असे कोणी म्हणेल. टिंगलही गाड्या पोटात घेऊन वर्षानुवर्षे उभेच होते. मुळांची तक्रार पानांवर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

फाटकापासून दारापर्यंत फरशीची एक वाट करावी, तीही झाडापासून लांबून. गाड्या रस्त्यापलीकडे लावाव्यात. पन्नास पावले चालण्याने कोणाची उपासना चुकत नाही. फांद्यांच्या खालची सगळी जमीन उघडी राहू द्यावी, तिथे पालापाचोळा पडू द्यावा, संडे स्कूलची मुले सतरंजी टाकून बसतील.

कमिटीची बैठक पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे. फांद्या कुठवर पसरल्या आहेत ते आम्ही शनिवारी संध्याकाळी चुन्याने आखून ठेवू. बैठकीआधी सर्वांनी ते वर्तुळ येऊन पाहावे.