बोर्लीत एक खोली हवी

माझ्या यजमानांची दारू सुटली ती पुण्यात, मुक्तांगणमध्ये. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने उभं केलेलं हे केंद्र मराठी घरांना नवं नाही. पण सुटलेली दारू सुटलेलीच राहायला हवी ती इथे, दिवेआगरात. घरी परतल्यावर नियमाने दारू सोडणाऱ्यांच्या गटात जाऊन बसा, असं मुक्तांगणमध्ये बजावून सांगतात. बसायचं कुठे? बोर्ली, म्हसळा, श्रीवर्धन, सगळीकडे विचारून झालं, आम्हाला गट सापडला नाही. मुंबई-पनवेलकडे गट आहेत. म्हणजे आधी माणगाव गाठा, पुढची गाडी पकडा, तासभर बसा आणि रात्री-अपरात्री परत या. वाडीवर रोजाने जाणाऱ्या माणसाला हे दर आठवड्याला कसं जमावं?

म्हणून माझं मागणं एवढंच आहे : बोर्ली पंचतनला आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली मिळावी.

आमच्याकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. पाहुणे उतरले की मोदकांची चौकशी होते, किनारा किती लांब ते विचारतात आणि मग हळूच येतं, "बसायची सोय आहे ना?" मी नाही म्हणते. त्यापायी बुकिंग जातं, तर जाऊ दे. तरी रविवारी खोल्या आवरताना कपाटामागे, गादीखाली, न्हाणीच्या खिडकीत उरलेली बाटली सापडतेच. म्हणून आधी मी एकटी आत जाते, सगळं मोरीत ओतते, खिडक्या उघडून वास जाऊ देते आणि मगच यजमानांना चादरी काढायला हाक मारते. मी घरातल्या खोल्या सांभाळीन. संध्याकाळी सात वाजता नाक्यावर कोण भेटेल, हे मी कसं सांभाळणार?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पोफळी आडव्या झाल्या. नव्या पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. यजमान त्याआधीही पीत होते, वादळाने त्यांना निमित्त दिलं आणि रिकामा वेळ दिला. भरडखोल-शेखाडीच्या कोळीवाड्यांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हातावर हात धरून बसायचे ते दिवस ज्याला दारू सोडायचीय त्याला किती जड जात असतील, ते मला न सांगता कळतं.

"खेडेगावात असले गट चालायचे नाहीत, चारचौघांत नाव जातं," असं मला शिकलेल्या माणसांनी सांगितलं. कुठलं नाव? यजमान रस्त्याकडेला पडायचे तेव्हा सगळा गाव बघत होता. गावात पिणं कोणाचं लपत नाही. माणूस लाजतो तो सोडतोय हे कळू द्यायला, कारण उद्या पाय घसरला तर लोक हसतील. ही लाज जाते ती तेच भोगलेल्या दुसऱ्या माणसासमोर.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवातच तशी झाली. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल कामात आपटी खाऊन हॉटेलात उभा होता, समोर बार होता. त्याने चर्चमध्ये फोन करकरून आपल्यासारखाच एक मद्यपी शोधून काढला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ, शल्यविशारद. दोघे बोलत बसले आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. गटात फी नाही, अर्ज नाही, जातपात नाही. दारू सोडायची इच्छा असली की झालं. दोन माणसं जमली तरी गट होतो.

एक मात्र कळकळीने सांगते. रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एका दिवसात बाटली बंद करू नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात आणि त्यात जीवही जातो. आधी दवाखाना, मग गट. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो. बाकीच्या ३७ जणांतले काही आमच्यासारख्या गावांतही आहेत. कोणाशी बोलावं हे कळत नसेल त्यांच्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. मोबाइलवरच्या मीटिंगाही भरतात. यजमान त्यांना बसतात, पण पावसात रेंज गेली की समोरचा माणूस बोलता बोलता अर्ध्यावर तुटतो.

खोली शाळेची चालेल, ग्रामपंचायतीची चालेल, देवळाची धर्मशाळाही चालेल. दिवस शनिवार-रविवार नको, पर्यटकांच्या गडबडीत कोणाला सवड नसते. शेवटची एसटी जायच्या आत मीटिंग संपायला हवी. शेजारची खोली मिळाली तर बायकांसाठीही हवी. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन १९५१ पासून आहे आणि मुक्तांगणचा सहचरी गट बायकांसाठीच आहे. इथल्या बायका मात्र अजून विहिरीवर कुजबुजतात. यजमान एका खोलीत बसतील, दुसरीत मी बसेन. चहा-साखर आमची, किल्ली कोणाकडे मागायची तेवढं पंचायतीने सांगावं.